मरीन मी, अन् बातमी त्याची

पेपर मी शेवटून वाचते. आधी शहराचं पान, मग निधनवार्ता, मग बाजारभाव, आणि चहा संपेपर्यंत वेळ उरलाच तर देशाचं काय चाललंय ते. शहराच्या पानावर माझा धाकटा भाऊ असतो. एखाद्या दिवशी नसला तर खरं म्हणजे मला बरं वाटायला हवं. तसं होत नाही. आज नाही म्हणजे उद्या काहीतरी मोठं येणार, अशी पाल मनात चुकचुकते.

अमरावतीत राजापेठेत त्याचे स्पर्धा परीक्षांचे क्लासेस आहेत. त्या रस्त्यावर क्लासच्या पाट्या एकीवर एक चढलेल्या. खालून गाड्यांची अशी रीघ, की मान वर करून पाटी वाचायची म्हटलं तर समोरच्या स्कूटीवर आदळायचं. एवढ्या गर्दीत आपली पाटी कोण वाचणार, म्हणून पेपरात नाव यावं, अशी त्याने खटपट सुरू केली. इथवर मला समजत होतं. धंदा आहे, करावं लागतं. पण पुढे क्लासची जाहिरात बाजूला राहिली आणि नुसतं नावच उरलं. रोज सकाळी स्वतःला पेपरात पाहिल्याशिवाय त्याला नाश्ता जाईना.

सुरुवात निवेदनांपासून झाली. आमच्याकडे कोणत्याही प्रश्नावर कलेक्टर कचेरीत निवेदन देतात, आणि ते देतानाचा फोटो काढतात. कागद एकच असतो, पण तो धरायला आठ-दहा जण असतात, आणि प्रत्येकाचं निदान एक बोट तरी कागदाला लागलेलं असतं. बोट लागलं नाही तर निवेदन दिलं असं धरत नाहीत. माझा भाऊ यात लवकरच तयार झाला. एकदा मला समजावून सांगत होता, "ताई, काठावर कदी उभं नाई राह्याचं. जागा कमी पडली का पेपरवाले काठावरचा मानूस कापतात. मी सायबाच्या बाजूलेच घुसतो." मग त्याने हाताने करून दाखवलं, कसं दोघांच्या मधून खांदा घालायचा.

बातम्या तो स्वतःच लिहायचा, आणि त्यात स्वतःला 'त्यांनी' म्हणायचा. 'याप्रसंगी त्यांनी परखड मत व्यक्त केले.' मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून पाठवण्याआधी तो मजकूर माझ्या मोबाईलवर यायचा. ह्रस्व-दीर्घाचा त्याला गंध नाही. 'मुलगी' हा शब्द तो लहानपणापासून 'मूलगी' असा लिहितो, आणि 'मुलगा'ही 'मूलगा'. कितीदा सांगितलं, काही उपयोग नाही. एकदा त्याने स्वतःच्या नावामागे 'सुप्रसिद्ध' लावलं होतं. मी विचारलं, "तू सुप्रसिद्ध कधी झालास?" तर म्हणतो, "लिवल्याबिगर कसा होईन, ताई?"

मी फक्त 'द्ध' नीट केला.

आणखी एक गोष्ट मला त्या मजकुरांवरून कळली. कार्यक्रमाची बातमी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी लिहून झालेली असते. 'मोठ्या संख्येने नागरिक उपस्थित होते' हे वाक्य नागरिक अजून घरी झोपलेले असताना माझ्याकडे यायचं. भाऊ म्हणायचा, संध्याकाळी पेपरवाल्यांना घाई असते, आधी देऊन ठेवलं की लागतं. फोटो तेवढा मागून पाठवायचा. तेव्हापासून पेपरातल्या कुठल्याच उपस्थितीवर माझा विश्वास राहिला नाही, आणि हळूहळू भावावरही.

हे सांगायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. तो उसाचा रस घेऊन घरी आला तरी मी दाराबाहेर डोकावायची, मागे फोटोवाला उभा आहे का म्हणून. आईला त्याने थंडीत ब्लँकेट नेऊन दिलं, तर मी ते उलटंपालटं करून पाहिलं, आणि कोपऱ्यात छापलेलं सापडलंच: 'ज्येष्ठ नागरिकांना स्नेहपूर्वक', खाली त्याचं नाव. वाटपातलं उरलेलं. आई म्हणाली, "मंग काय झालं? गरम तं हाय."

आई बार्शीटाकळीला राहायची. वडील गेले तरी तिने घर सोडलं नाही. विहाराजवळचं दोन खोल्यांचं घर, दारात पाण्याची टाकी, आणि शेजारपाजारच्या बाया दिवसभर येऊन-जाऊन. पेपर तिच्याकडेही यायचा. ती अक्षरं जुळवत, ओठ हलवत वाचायची, आणि भावाचा फोटो असलेलं पान जपून ठेवायची. मला वाटायचं कपाटात ठेवत असेल. एकदा पाहिलं तर ती पानं फळीवरच्या डब्यांखाली अंथरलेली. तिखटाच्या डब्याखालून भाऊ हात जोडून बघत होता. मी हसले तर ती म्हणाली, "असू दे. तेवढाच घरात राह्यते."

मागच्या उन्हाळ्यात तिला दम लागायला लागला. अकोल्याला दवाखान्यात भरती केलं. मी शाळेतून रजा टाकून तिच्यापाशी राहिले. भाऊ अमरावतीहून फोन करायचा, येतो येतो म्हणायचा. आणि एक दिवस तो खरंच आला. त्या दिवशी त्याचा वाढदिवस होता.

वॉर्डाच्या दारात आधी फोटोवाला दिसला, त्याच्यामागे पांढऱ्या शर्टातली मंडळी, आणि केळ्यांच्या टोपल्या. आमच्या भागात वाढदिवस असला की दवाखान्यात फळवाटप करतात, हे काही नवीन नाही. पण आपली आई ज्या वॉर्डात आहे त्याच वॉर्डात? मला वाटलं, हा आईला भेटायला आला आणि सोबत फळंही आणली. मग वाटलं, हा फळं वाटायला आला आणि इथे आईही आहे. कोणतं आधी, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

एकेका खाटेपाशी थांबत तो आईपाशी आला. पायाशी वाकावं की केळं द्यावं? तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, "सर, इकडे." भावाने केळं पुढे केलं आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं. आईने केळं हातात घेऊन त्याच्याकडे बघितलं.

"काऊन रे," ती म्हणाली, "वाढदिवस तुहा हाय. मी तुले द्याव का तू मले?"

सगळे हसले. तोही हसला, मग वाकला, तिच्या केसांवरून हात फिरवला, कानाशी काहीतरी बोलला. फोटोवाला तोवर पुढच्या खाटेकडे गेला होता, त्यामुळे त्या क्षणाचा फोटो नाही. मी हे मुद्दाम लक्षात ठेवलं आहे. पण त्या वेळी मला त्याचा एवढा राग आला होता, की मी टोपलीतलं केळं घेतलं नाही आणि त्याच्याशी धड बोललेही नाही.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. फोटो छान आला होता. आई खाटेवर बसलेली, मागे उशी, अगदी स्पष्ट. आणि खाली ओळ होती: 'वृद्ध रुग्ण महिलेला फळ देताना' आणि पुढे भावाचं नाव, सगळ्या पदव्यांसकट.

मी पेपर लपवायच्या आत आईने मागितला. ओठ हलवत वाचला. 'वृद्ध' या शब्दावर जरा अडखळली, मग पुढे गेली, मग परत मागे आली.

"हे वृद्ध महिला कोन होय?"

"तूच, माय."

"मी तं त्याची माय होय. थे नाई लिवलं?"

मी तिला समजावून सांगितलं, की मजकूर आदल्या दिवशीच लिहून ठेवतात, कोणत्या खाटेपाशी फोटो निघेल ते कोणाला ठाऊक नसतं, म्हणून अशी ओळ सगळीकडे चालते. हे सांगताना मीच भावाची बाजू घेतेय हे माझ्या लक्षात आलं. आई मात्र चिडली नव्हती. तिला वेगळंच कुतूहल होतं. पेपर मांडीवर ठेवून तिने विचारलं, "बाई, मी मेली का पेपरात येईन का?"

"येईल की."

"कसं येईन?"

आता हे आपल्याच आईला कसं सांगायचं? पण तिला खोटं चालत नसे. मी म्हणाले, मोठ्या माणसाची आई गेली की बातमीला मथळा देतात. आधी मुलाचं नाव, आणि पुढे 'यांना मातृशोक'.

तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग खोकला येईपर्यंत हसली. "म्हंजे मरीन मी, अन् बातमी त्याची?"

बाजूच्या खाटेवरची बाईसुद्धा हसायला लागली. मी आईच्या पाठीवर हात फिरवून तिला पाणी पाजलं. श्वास जागेवर आल्यावर तिने माझं मनगट धरलं, आणि या वेळी ती हसत नव्हती. "मातृशोक-फितृशोक नोको. माहं नाव टाकजो. अख्खं. माहेरचंबी. मतदार यादीत मेल्यांनी चुकोलं हाय, तू मास्तरीन हायस, बराबर लिवजो." मी हो म्हणाले. "अन् त्याचं नाव नोको. त्याचं रोजच राह्यते."

ती बरी होऊन घरी गेली. तिची ही इच्छा मी भावाला सांगितली नाही. खरं तर पेपरवाले त्याच्या खिशात. एक फोन केला की काम झालं असतं. पण मला त्याचा मजकूर आधीच डोळ्यांसमोर दिसत होता: 'मातेच्या अंतिम इच्छेसाठी पुत्राने'. आईची ती गोष्ट त्याच्या हाती लागली की तिची बातमी झालीच, असं मी धरून चालले होते. म्हणून ताकास तूर लागू दिली नाही. ती त्याच्यासमोर असली की मी सारखी तिच्या तोंडाकडे बघायची, बोलून जाते की काय म्हणून.

दिवाळीनंतर एका पहाटे शेजारच्या बाईचा फोन आला. झोपेतच गेली. आम्ही दोघं भाऊबहीण एकाच गाडीतून अमरावतीहून निघालो. मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता, आणि मी त्याच्या मोबाईलकडे. तो वाजला की मला वाटायचं, झालं, लागला कामाला. मोबाईल वाजत होता आणि भाऊ उचलत नव्हता. यातसुद्धा काहीतरी डाव असेल, असं मला वाटून गेलं. रडणं येत होतं आणि त्यातही हे चालू होतं, काय सांगू.

दुपारी मातीचं सगळं आटोपलं. संध्याकाळी, घर बायांनी भरलेलं असताना, मी ऑटोत बसून अकोल्याला पेपरच्या कचेरीत गेले. मजकूर हाताने लिहून नेला होता. आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, माहेरचं आडनाव, सगळं चारदा तपासलेलं. टेबलामागच्या माणसाने वाचलं.

"कोणाच्या मातोश्री?"

भावाचं नाव घेतलं असतं तर त्याने खुर्ची दिली असती, पाणी मागवलं असतं. मी म्हणाले, "नुसतं नाव टाका."

"तसं नाही मॅडम, ओळख लागते. समाजसेविका वगैरे होत्या का?"

"नाही."

"मग काय होत्या?"

आयुष्यभर मुलांना निबंध सांगणारी मी, आईबद्दल एक ओळ सुचेना. तो चांगला माणूस होता. म्हणाला, जागा राहिली तर पाहतो, फोटो आणलाय का? फोटो मी नेलाच नव्हता. निवेदन देणाऱ्या बहाद्दराची बहीण, आणि फोटो विसरले. परतताना ऑटोत मी मोठ्याने रडले. ऑटोवाल्याने गाणं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी शेजारून पेपर आणला. आधी शहराचं पान उघडलं. 'मातृशोक' शोधला. नव्हता. पान पुन्हा वरून खाली पाहिलं, नव्हता. मग निधनवार्तांचा रकाना पाहिला, आणि तिथे आई होती. मथळ्यात तिचं अख्खं नाव, माहेरच्या आडनावासकट, एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही. माझा ऊर भरून आला. म्हटलं, बघ, तुझ्याशिवायही जमतं. मातीचा दिवस कालचाच, पण खरं सांगते, मी जिंकल्यासारखी उठून उभी राहिले.

मग खालचा मजकूर वाचला. 'त्या चौथी पास होत्या.' हे मी लिहिलं नव्हतं. 'त्यांच्या पश्चात एक मूलगी, एक मूलगा व नातवंडे असा परिवार आहे.' 'म'ला दीर्घ ऊकार, दोन्हीकडे. पेपरात आता शुद्धलेखन कोणी पाहत नाही, पाठवतील तसं लागतं. हे कोणी पाठवलं ते मला सही असल्यासारखं दिसलं. मूलगा कोण, मूलगी कोण, यांची नावं कुठेच नव्हती.

आणि फोटो दवाखान्यातलाच होता, केळ्याचा. तो असा कापला होता, की आता त्यात फक्त आई होती. पांढरी उशी, तिचा चेहरा, कोणाकडे तरी बघत असलेली. फक्त खालच्या कोपऱ्यात केळ्याचं टोक आणि त्याला धरलेलं भावाचं एक बोट राहून गेलं होतं.

तरीही मी त्याला काही विचारलं नाही. मला वाटत होतं, हा पहिला भाग आहे, खरी बातमी पुढे येईल. पुण्यानुमोदनाच्या, आईला आदरांजली वाहायच्या दिवशी मंडपाच्या दारात फ्लेक्स लागला, त्यावर आईचा फोटो वर आणि 'शोकाकुल' या शब्दाखाली भावाचा हात जोडलेला फोटो तिच्याहून मोठा. मला एका परीने हायसं वाटलं, म्हटलं, हा तोच आहे, बदललेला नाही. मग त्याच्या हातात माईक आला. आता सांगणार, मी ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं. त्याने आईचं अख्खं नाव घेतलं, माहेरच्या आडनावासकट. मग माईक परत दिला. मागच्या लोकांना वाटलं, लाईट गेली.

सगळे गेल्यावर आम्ही दोघं स्वयंपाकघरात डबे आवरत होतो. तिखटाच्या डब्याखालून पेपरातला तो वर बघत होता. मी विचारलं, "तुला कोणी सांगितलं, नावाचं?"

"मायनं. दवाखान्यातूनच फोन केलता, तू खाली औषध आनाले गेलती तवा." त्याने डबा पुसला. "म्हने, मी तुह्या ताईले सांगतलं हाय. पन तिले पेपरात कोनी वळखत नाई. तू टाकजो. अन् तिले सांगू नोको, थे तुह्यावर इस्वास ठेवत नाई."

तिने दोघांनाही वेगवेगळं सांगून ठेवलं होतं, दोघांनाही गप्प बसवलं होतं. एकाने दगा दिला तर दुसरा असावा म्हणून. तिचा भरवसा ना त्याच्यावर होता ना माझ्यावर. माझा संशयी स्वभाव कुठून आला, ते मला तोवर कळलं नव्हतं.

"आणि चौथी पास?"

"थे मी टाकलं. नावासंग काईतरी लागते नं, ताई."

नंतर कित्येक दिवस मी पेपरात ती खरी बातमी शोधली. आईच्या इच्छेची, पुत्राच्या त्यागाची. आली नाही. तो मात्र पुन्हा शहराच्या पानावर आला, निवेदनं देत, साहेबाच्या बाजूला. निधनवार्तेचं कात्रण माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. त्या कोपऱ्यातल्या बोटाबद्दल मी त्याला एकदा विचारलंच. म्हटलं, एवढं सगळं कापलं, तर हे का ठेवलं? तो म्हणाला, "थे कापलं असतं तं मायचा खांदा गेला असता."

मी फूटपट्टी लावून पाहिलंय. खांदा गेला नसता.